म्हाताऱ्या कुत्र्याला कुठं दुखतंय, हे कसं शोधायचं

आमचा खंड्या ११ वर्षांचा झाला त्या हिवाळ्यात त्यानं जागलीला येणं सोडलं. हरभरा घाट्यावर आलेला, रानडुकरांचा त्रास वाढलेला. मी टॉर्च-काठी घेऊन निघालो की तो फाटकापर्यंत यायचा, थांबायचा आणि वळून घरामागच्या सांदवाडीत जाऊन बसायचा. घरात सगळे म्हणाले, "वय झालं त्याचं, राहू द्या." मीही तेच धरून चाललो. साडेतीन महिन्यांनी नीट तपासणी झाली तेव्हा कळलं, मागच्या उजव्या गुडघ्यात संधिवात होता आणि वरची एक दाढ तुटून मुळाशी पू झाला होता. इतके दिवस तो दुखणं सोसत होता आणि आम्ही त्याला आराम समजत होतो.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे: "म्हातारं झालं" हे उत्तर चालवून घ्यायचं नाही. वयानं तोंडाभोवतीचे केस पांढरे होतात, कान मंदावतात, झोप वाढते. पण उठायला लागणारा वेळ, चिडचिड, पायरीसमोर थबकणं यांमागे बहुतेकदा काहीतरी दुखत असतं. ते बऱ्याचदा शोधता येतं आणि कमीही करता येतं. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या कुत्र्यांकडे ७-८ वर्षांपासून, गावठी कुत्र्याकडे ८-९ पासून आणि पामेरियनसारख्या लहान कुत्र्यांकडे १०-११ पासून या नजरेनं बघायला लागा.

कुत्रं रडून सांगेल याची वाट बघू नका. केकाटणं हे ताज्या, अचानक झालेल्या दुखण्याचं असतं: काटा रुतला, पाय चाकाखाली आला. महिनोन्‌महिने चालणारं दुखणं मुकं असतं. जेवण चालू असतं, शेपटी हलत असते, आणि म्हणूनच आपण फसतो.

पहिले ७ दिवस: हात न लावता बघा

एक वही करा. पोरांची अर्धी उरलेली चालेल. रोज सकाळी आणि झोपायच्या आधी दोन-दोन ओळी लिहा. औषध नाही, मालिश नाही, फक्त बघायचं.

सगळ्यात जास्त सांगून जातं ते सकाळचं उठणं. निरोगी कुत्रं एका झटक्यात उठतं, आधी पुढून मग मागून अंग ताणतं आणि चालू लागतं. मागचे पाय किंवा कंबर दुखत असेल तर ते पुढच्या पायांवर जोर देऊन अंग ओढतं. मागचा भाग उशिरा वर येतो, कधी अर्ध्यातून परत बसतो. खंड्याच्या उठण्याचं मी एकदा घड्याळ लावलं. बारदानावरून उभं राहायला त्याला ९ सेकंद लागले. त्यात दोनदा मागचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला घसरला आणि पूर्ण उभा राहिल्यावरही त्या पायाची फक्त बोटंच टेकलेली होती. मी रोज त्याच्या बाजूनं जात होतो, पण हे मला तोवर दिसलं नव्हतं.

उठल्यावरची पहिली १०-१५ पावलं बघा. आधी आखडलेलं, मग हळूहळू मोकळं होतं का? हे संधिवाताचं लक्षण. थंडीत आणि पावसाळी दिवसांत ते जास्त उठून दिसतं, आणि आदल्या दिवशी कुत्रं जास्त फिरलं असेल तर दुसऱ्या सकाळी वाढतं. उलट सकाळी बरं आणि चालता चालता मागचे पाय लटपटायला लागले, तर पाठीचा कणा, मज्जातंतू किंवा हृदय यांच्याकडे लक्ष जायला हवं.

मग बदललेल्या सवयी. आधी बाजेवर उडी मारायचं, आता बाजेखाली बसतं. ओट्याच्या तीन पायऱ्यांऐवजी वळसा घालून मागच्या दारानं येतं. नर पाय वर करून मुतायचा, आता उभ्यानंच मुततो. शी करताना नीट बसता येत नाही म्हणून चालत चालत करतं. हे नितंबाच्या सांध्याचं किंवा कमरेचं असू शकतं, गुदाजवळच्या गाठीचं किंवा प्रोस्टेटचंही. रात्री एका कुशीवर टिकत नाही, उठतं, गोल फिरतं, पुन्हा बसतं. डिसेंबरच्या रात्री, ना ऊन ना धावपळ, तरी जीभ काढून धापा टाकतं. एकच जागा सारखी चाटतं. पांढऱ्या-भुऱ्या कुत्र्याचे तिथले केस लाळेनं तांबूस होतात.

आणि स्वभाव. आयुष्यभर पोरांनी अंगावर लोळून घेतलेलं कुत्रं कमरेला हात लागताच गुरगुरलं, तर ते चिडकं झालेलं नाही, त्याला तिथं दुखतंय. त्याला मारू नका. पोरांना मात्र काही दिवस दूर ठेवा.

खाण्याकडे वेगळं लक्ष द्या. तोंडाचं दुखणं असलेलं कुत्रं बहुधा खाणं सोडत नाही, खाण्याची पद्धत बदलतं. खंड्या भाकरीचा तुकडा उचलायचा, मान डावीकडे कलती करायचा, दोनदा चावायचा, तुकडा खाली टाकायचा आणि पुन्हा उचलायचा. वरणात भिजवलेली भाकर मात्र सरसर संपवायचा. त्यावरून दाताचा संशय यायला हवा होता. आम्हाला वाटलं, लाडावला.

दर रविवारी वहीत ० ते १० असे गुण द्या: ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे असह्य. गेल्या ७ दिवसांतलं सगळ्यात वाईट दुखणं किती, सरासरी किती. उठायला, चालायला, पळायला, चढायला किती अडथळा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेल्या एका प्रश्नावलीची पद्धत अशीच आहे आणि पशुवैद्यक ती वापरतात. गुण देणारा माणूस दर वेळी एकच ठेवा, नाहीतर आकडे जुळत नाहीत.

मोबाइलवर चाल टिपा

दवाखान्याच्या टेबलावर बहुतेक कुत्री भीतीनं ताठ उभी राहतात आणि लंगडणं गायब होतं. म्हणून घरूनच व्हिडिओ करून न्या. गावातला सिमेंट रस्ता यासाठी चांगला. वावरातल्या ढेकळांत काही कळत नाही. एकानं सैल दोरी धरून चालवायचं, दुसऱ्यानं बाजूनं, समोरून आणि मागून टिपायचं. आधी साधी चाल, मग जमत असेल तर हलकी दुडकी. फोन कुत्र्याच्या पाठीच्या उंचीवर धरा आणि नंतर सावकाश गतीनं बघा.

पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना कुत्रं डोकं वर उचलतं आणि चांगला पाय टेकताना खाली सोडतं. लोक हमखास उलटं समजतात आणि चांगल्या पायात काटा शोधत बसतात. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा (कमरेखालचा मागचा भाग) जास्त वर-खाली होतो. दोन्ही मागचे पाय सारखेच दुखत असतील तर लंगडणं दिसतच नाही. पावलं आखूड पडतात, पाठ कमानीसारखी होते, भार पुढच्या पायांवर जातो. रस्त्यावर मागची नखं घासल्याचा खर्र-खर्र आवाज येत असेल, नखांची वरची बाजू झिजली असेल, तर कण्याची आणि मज्जातंतूंची तपासणी करून घ्या.

चार मोजमापं

वजन आधी, कारण पुढची सगळी औषधं वजनावर ठरतात. धान्याच्या दुकानातल्या सपाट काट्यावर कुत्र्याला घेऊन उभे राहा, मग एकटे, आणि वजा करा. उचलणं जमत नसेल तर कुत्र्यालाच काट्यावर उभं करा.

श्वास गाढ झोपेत मोजा. छाती वर-खाली झाली की एक. मिनिटाला ३० पेक्षा जास्त वारंवार येत असेल तर दुखणं, ताप, हृदय किंवा फुप्फुस यांपैकी काहीतरी आहे. ताप गुदद्वारातूनच घ्यायचा; डिजिटल थर्मामीटरला खोबरेल लावा, हळूच आत, एकानं डोकं धरायचं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, माणसापेक्षा जास्त. "अंग गरम लागतं" याला म्हणूनच अर्थ नाही. मोजमाप पहाटे घ्या. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे आकडा तसाही चढतो.

शेवटी हिरड्या. ओठ वर करून गुलाबी हिरडीवर बोट दाबा, सोडा; २ सेकंदांच्या आत रंग परतला पाहिजे. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या असतात, तेव्हा डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. पांढरट किंवा पिवळसर असेल तर थांबू नका.

आता हात लावा, सावकाश

आधी एक गोष्ट. कुत्र्याला रेबीजची लस वेळेवर दिलेली नसेल आणि दोन-चार दिवसांत वागणं एकदम बदललं असेल, लाळ गळते, जबडा लोंबतो, आवाज घोगरा झाला, पाणी गिळता येत नाही, तर तोंडात हात घालू नका. हाड अडकलं असेल म्हणून बोटं घालणारे लोक मी पाहिले आहेत. कोंडून ठेवा, डॉक्टरांना कळवा. चावा किंवा ओरखडा झालाच तर साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात लस घ्या.

इतर वेळी, संध्याकाळी कुत्रं शांत असताना, ओळखीच्या माणसानंच तपासावं. एक जण डोक्याशी बसून चेहऱ्याकडे बघतो, दुसरा हात फिरवतो. चेहऱ्याकडे बघणाऱ्याचं काम जास्त महत्त्वाचं. दुखऱ्या जागी कुत्रं नेहमीच ओरडत नाही: धाप एकदम थांबते, ओठ चाटतं, कान मागे जातात, मान त्या बाजूला वळते, कातडी थरथरते.

सुरुवात जिथं दुखत नाही असं वाटतं तिथून. मान, खांदे, कोपर, मनगट, पंजा. मग दुसरा पाय. पाठीच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोट, एकेक मणका, हलका दाब. मग पुठ्ठे, मांड्या, गुडघे, घोटे. सांधे ताणून बघू नका. जितके सहज वाकतात तितकेच वाकवा. दोन्ही बाजूंच्या मांड्या एकाच वेळी दोन्ही हातांत धरा. महिनोन्‌महिने कमी वापरलेल्या पायाचं मांस उतरतं. खंड्याच्या उजव्या मांडीचा घेर शिंप्याच्या टेपनं डावीपेक्षा पावणेदोन सेंटिमीटर कमी भरला, आणि तोच सगळ्यात स्पष्ट पुरावा होता. संशयाची जागा सापडली की पाच मिनिटं थांबून पुन्हा दाबा. दोन्ही वेळा तीच प्रतिक्रिया आली तरच वहीत लिहा.

पंज्यांना वेळ द्या. आपल्याकडे बाभळीचा काटा, कुसळ, तुरीची-पऱ्हाटीची धसकटं ही पायांच्या दुखण्याची रोजची कारणं आहेत. बोटांच्या फटी उघडून उजेडात बघा. बारीक भोक आणि त्यातून पाझरणारं पाणी दिसलं तर आत कुसळ असू शकतं. तिथंच गोचीडही लपलेले असतात. कानात डोकावा, वास घ्या. ओठ उचलून दोन्ही बाजूंच्या मोठ्या दाढा बघा. डोळ्याखाली सूज आली असेल तर बहुतेकदा वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू असतो. लोक तिथं डोळ्याचं औषध घालत राहतात. मादीची स्तनं एकेक करून चाचपा, गाठी शोधा. शेपटीखाली आणि जननेंद्रियाकडे बघा: कोबीच्या फुलासारखी, रक्त गळणारी वाढ मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांत नेहमी दिसते. ती समागमातून पसरणारी गाठ असते आणि बहुधा इंजेक्शनांनी बरी होते.

कुत्रं चावायच्या बेतात असेल तर सुती पट्टीनं तोंड बांधता येतं: नाकावरून वेढा, हनुवटीखाली गाठ, टोकं कानांमागे. दोन मिनिटांच्या वर नाही. धापा टाकणाऱ्या किंवा ओकणाऱ्या कुत्र्याला अजिबात बांधू नका.

वही काय सांगते

एकाच पायाचं हळूहळू वाढलेलं दुखणं म्हणजे बहुधा सांधा. आज हा पाय, उद्या तो, सोबत ताप आणि सुस्ती असेल तर गोचीडतापाचा विचार आधी करा. विदर्भातल्या ढोरांच्या संगतीत राहणाऱ्या कुत्र्यांना तो नवा नाही. एर्लिकिया नावाचा जंतू अंगात महिनोन्‌महिने दडून राहतो, सांधे सुजवतो, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी करतो. नाकातून रक्त किंवा पोटावर बारीक लाल ठिपके दिसतात. आज अंगावर गोचीड नाही म्हणून ही शक्यता सोडू नका. बॅबेसिया हा गोचीडतापाचा दुसरा जंतू; त्यात लघवी चहासारखी गडद होते.

मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या पायावर, सांध्याजवळ, टणक सूज आणि दिवसेंदिवस वाढणारं लंगडणं असेल तर हाडाचा कर्करोग वगळावा लागतो. त्याला मुरगळ समजून महिना घालवू नका. नसबंदी न झालेली मादी माजानंतर काही आठवड्यांत खूप पाणी प्यायला लागली, पोट फुगलं, खालून पू आला किंवा नाही आला तरी, गर्भाशयात पू झालेला असू शकतो. रात्री निरुद्देश फिरणं, भिंतीकडे बघत उभं राहणं, घरातच वाट चुकणं हे मेंदूच्या म्हातारपणाचंही असतं. पण तो निष्कर्ष दुखणं तपासून झाल्यावरच काढायचा.

वही बाजूला ठेवून तडक निघायच्या वेळा या: पोट ढोलासारखं फुगलंय आणि ओकायला बघतं पण काही येत नाही, मागचे पाय एकदम गेले, लघवी अडली, रात्री वावरातून आलं आणि पाय किंवा तोंड भराभर सुजतंय (घोणस चावली असेल), फवारणीच्या दिवसांत लाळ, थरथर, झटके (औषधाची विषबाधा असेल), जखमेत किडे. पाठीचा संशय असेल तर फळीवर झोपवून न्या, मोटारसायकलवर आडवं टाकून नाही.

घरचं औषध नको

हे मी चूक करून शिकलो. तपासणीच्या आधी गावातल्या एका औषधाच्या दुकानातून माणसांची अंगदुखीची गोळी आणून भाकरीत दिली होती. तिसऱ्या दिवशी खंड्याची शी डांबरासारखी काळी झाली. ते पोटात झालेल्या रक्तस्रावाचं लक्षण होतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड कुत्र्याचं जठर आणि किडनी खराब करतात, पॅरासिटामॉल यकृत आणि रक्तपेशी. वजन कमी म्हणून "अर्धी देऊ" हा हिशेब इथं चालत नाही. ढोरांसाठी आणून ठेवलेली उरलेली बाटलीही देऊ नका. गिधाडं मरत होती म्हणून जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर. तरी कुठे कुठे जुन्या बाटल्या सापडतात.

बिब्बा लावू नका, कातडी भाजते आणि कुत्रं ते चाटतं. डाग देऊ नका. माणसांचा मलमही चाटला जातो. दवाखान्यात जाईपर्यंत एवढंच करा: जाड बारदानावर गोधडी, गुळगुळीत फरशीवर सतरंजी, जेवण-पाणी जवळ, वाढलेली नखं कापलेली, फिरणं थोडं थोडं.

डॉक्टरांकडे काय मागायचं

गावातला ढोरांचा दवाखाना हीच पहिली जागा. पशुधन विकास अधिकारी कधी असतात ते आधी विचारून जा. टोल-फ्री १९६२ वर फोन केला तर फिरत्या पथकाबद्दल कळतं. एक्स-रे आणि रक्ताच्या सगळ्या चाचण्या हव्या असतील तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात चौकशी करा. त्यापुढे नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था.

सोबत वही, व्हिडिओ, लसीचं कार्ड, दिलेल्या प्रत्येक औषधाचं पाकीट आणि सकाळची लघवी स्वच्छ बाटलीत. "खात नाही, सुस्त आहे" एवढंच सांगू नका. "तीन आठवड्यांपासून उठायला वेळ लागतो, मागचा उजवा पाय, थंडीत जास्त, उजवी मांडी बारीक" असं सांगा. आणि दिलेल्या गोळ्या लपवू नका. दोन वेदनाशामकं, किंवा वेदनाशामक आणि स्टेरॉइड, एकत्र पडली तर पोटात व्रण होतो.

म्हाताऱ्या कुत्र्याला वेदनाशामक सुरू करण्याआधी रक्ताची साधी तपासणी, किडनीसाठी क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या आणि लघवी झालेली बरी. ताप किंवा फिरतं लंगडणं असेल तर रक्ताची काच बनवून गोचीडतापाचे जंतू बघायला सांगा. काचेवर जंतू दिसला नाही तरी तो आजार नाही असं होत नाही. तेव्हा प्लेटलेटचा आकडा आणि किटची चाचणी विचारा. एक्स-रेबद्दल एक ध्यानात ठेवा: म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मणक्यांत हाडाचे पूल सर्रास दिसतात आणि त्यातल्या अनेकांना तिथं काहीच दुखत नसतं. चित्रात दिसलेली जागा आणि हाताला सापडलेली जागा जुळली पाहिजे. आमच्याकडे पहिल्या फिल्ममध्ये कंबर "खराब" दिसली होती. वही दाखवली तेव्हा डॉक्टरांनी गुडघ्याची वेगळी फिल्म काढली.

दोन आठवड्यांची कसोटी

सगळं तपासूनही नक्की कळत नसेल तर डॉक्टर कधी कधी वजनावर बेतलेलं कुत्र्यांचं वेदनाशामक दोन आठवडे देऊन बघतात. मेलोक्सिकॅम हे आपल्याकडे मिळणारं नेहमीचं. गोळी जेवणानंतर, ठरल्या मात्रेत, पाणी भरपूर. उलटी, जुलाब, काळी शी, जेवण सोडणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी बंद करून फोन करा. या १४ दिवसांत वहीतले गुण चालूच ठेवा आणि शेवटी त्याच रस्त्यावर, त्याच उंचीवरून पुन्हा व्हिडिओ करा. गुण उतरले, उठायचा वेळ कमी झाला, तर जे म्हातारपण वाटत होतं ते दुखणं होतं हे ठरलं, आणि पुढचे उपचार त्यावर बेततात. काहीच फरक नसेल तर दुखणं नाही असं लगेच म्हणू नका. औषध बदलून किंवा मज्जातंतूंच्या दुखण्याचं वेगळं औषध देऊन बघतात.

खंड्याची दाढ काढली आणि गुडघ्याचं औषध लागू पडलं तेव्हा उठायचे ९ सेकंद ४ वर आले. त्या आठवड्यात वहीत माझ्या बायकोच्या अक्षरात एक ओळ आहे: "आज भाकर कोरडीच खाल्ली."